३१ मार्चच्या माणसांसाठी एक सेवा

विद्यापीठांच्या विभागांत आणि महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत एक वर्ग असा असतो, की ज्याला विद्यार्थी म्हणता येत नाही आणि कर्मचारी म्हणवत नाही. त्याची पीएच.डी. झालेली असते किंवा व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या तारखेवर अडलेली असते, नातेवाइकांनी त्याला ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवातही केलेली असते. पण नेमणूक प्रकल्पापुरती, वेतनाच्या जागी एकत्रित मानधन आणि मुदत बहुधा ३१ मार्चपर्यंत. प्रोजेक्ट फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असोसिएट अशी पदनामे निरनिराळी असली, तरी मार्च उजाडला की आमची विचारपूस एकाच प्रश्नाने होते : ‘एक्सटेन्शन आले का?’ मी या वर्गात सहा वर्षे आहे. त्याआधी दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. वय ३४, विषय जीवरसायनशास्त्र, काम केळीच्या खोडावर, आणि भुसावळ ते जळगाव असे रोजचे अप-डाऊन.

अशा संशोधकांना पुढची वाट ठरवायला मदत करणारी एक खासगी सेवा जळगावात सुरू झाल्याचे गेल्या वर्षी एका मैत्रिणीकडून कळले, तेव्हा मला ते खरे वाटले नाही. आमच्याकडे मार्गदर्शन म्हणजे स्पर्धा परीक्षांचे क्लास किंवा फार तर नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी; पीएच.डी. झालेल्या माणसालाही कुणी तरी मार्ग दाखवावा लागतो, ही कल्पनाच नवी होती. सहा महिने ही सेवा घेऊन झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. सेवेचे नाव देत नाही. ती चालवणारी माणसे तिघेच आहेत, गाव लहान आहे, आणि नाव घेतले की परीक्षणाचा तक्रार-अर्ज व्हायला वेळ लागत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना चौकशीअंती पत्ता सापडेल.

स्वरूप असे : दर महिन्याला पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी चार तासांचे सामूहिक सत्र, शिवाय प्रत्येकाला एक-एक तासाच्या चार स्वतंत्र भेटी. फी ६,५०० रुपये, दोन हप्त्यांत. आमच्या तुकडीत १२ जण होते. चालवणाऱ्यांपैकी एक निवृत्त प्राध्यापक सर, दुसऱ्या मॅडम औषधनिर्मितीच्या क्षेत्रात संशोधन विभागात बरीच वर्षे काढून गावी परतलेल्या, आणि तिसरा तरुण कागदपत्रे, वेळापत्रक व चहा हे सारे एकट्याने सांभाळणारा. जागा महाबळ भागातील एका दुकानावरचा हॉल. मे महिन्यात तिथे एकच कूलर होता आणि तोही सरांच्या बाजूला तोंड करून. जळगावचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना याहून अधिक सांगावे लागणार नाही.

या सेवेने मला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट पहिल्याच स्वतंत्र भेटीत मिळाली. मी माझा नऊ पानांचा बायोडेटा घेऊन गेले होते. मॅडमनी तो उघडलाही नाही. ‘हा बाजूला ठेवा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही काय काय केले, ते वार आणि काम अशा दोन रकान्यांत लिहा. काहीही गाळू नका.’ मी लिहायला बसले. सोमवारी सावद्याहून खोडाचे नमुने आणले, पोत्याचे एस.टी.त लगेज तिकीट काढावे लागले. मंगळवारी नमुने कापून ओव्हनमध्ये सुकवायला ठेवले आणि त्या लगेज तिकिटाचे बिल प्रकल्पात लागते का, याची हिशेब विभागात चौकशी केली. बुधवारी युटिलायझेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे अनुदान कसे खर्च झाले या दाखल्याचा मसुदा. गुरुवारी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर रसायनांची खरेदी, जी तिसऱ्यांदा परत आली. शुक्रवारी एम.एस्सी.च्या चार मुलींना खोडाच्या धाग्याची ताणशक्ती मोजायला शिकवले. शनिवारी मुख्य संशोधकांच्या सादरीकरणासाठी आलेख काढले. असे करत पंधरा दिवस भरले, आणि ती यादी पाहून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण तिच्यात ‘संशोधन’ म्हणावे असे तीन-चारच दिवस दिसत होते.

मॅडम मात्र पहिल्याच ओळीवर थांबल्या. ‘खोडे कुणी दिली?’

‘एका शेतकऱ्याने.’

‘विकत?’

‘नाही, अशीच.’

‘का दिली?’

या ‘का’चे उत्तर द्यायला मला वेळ लागला. घड कापल्यावर खोड शेतातच पडून राहते आणि ते बाहेर काढणे शेतकऱ्याला खर्चाचेच असते, हे उत्तर अर्धे होते. रावेर-यावल पट्ट्यात पावसाळ्यात केळीवर सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग येतो. एका वर्षी अशाच दिवसांत मी त्या शेतात गेले होते, आणि नमुने मागण्याआधी तासभर बांधावर बसून उपटलेल्या रोपांचे त्यांचे दुःख ऐकले होते. रोगावर माझे काम नव्हते. जे ठाऊक होते तेवढे सांगितले, जे नव्हते ते जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारून पुढच्या खेपेला कळवले. तेव्हापासून त्या घरात मला नमुन्यांसाठी कधी नाही म्हटले गेले नाही. पहिल्या दिवशी आजींनी ‘काय व बाई, या खोडाले कुठी घेऊन चालली?’ म्हणून हसत विचारले होते; आता त्या स्वतःच पोते शिवून ठेवतात. मॅडमनी लाल पेनाने त्या ओळीपुढे लिहिले : ‘शेतकऱ्यांशी विश्वासाचे संबंध, चार वर्षे, क्षेत्रीय नमुना संकलन.’ जेमपुढे ‘खरेदी प्रक्रिया’, सर्टिफिकेटपुढे ‘अनुदानाचा हिशेब’, मुलींपुढे ‘उपकरणाचे प्रशिक्षण’. पंधरा ओळी झाल्या तेव्हा माझा नवा बायोडेटा जवळजवळ लिहून झाला होता, आणि तो दोन पानांचा होता.

ही युक्ती साधी वाटेल, पण आमच्या व्यवस्थेत ती कुणी करत नाही. महाविद्यालयाच्या जाहिरातीसाठी आम्ही शोधनिबंध, परिषदा आणि गुणांकन यांच्या याद्या वाढवत राहतो, आणि उरलेले सारे काम ‘प्रकल्पातली हमाली’ म्हणून मनातूनही वजा करतो. त्याच ओघात मॅडमनी शोधनिबंधातील योगदान नोंदवण्याची ‘क्रेडिट’ ही पद्धत शिकवली. तिच्यात संकल्पना, पद्धती, विदा (डेटा) व्यवस्थापन, पहिला मसुदा, निधी मिळवणे असे १४ प्रकार आहेत, आणि कोणत्या लेखकाने यांपैकी काय केले हे निबंधातच छापले जाते. ज्यांचे नाव लेखकांच्या यादीत कायम चौथे असते, त्यांच्यासाठी हे १४ शब्द फार उपयोगाचे आहेत, कारण चौथ्या नावाने प्रत्यक्षात सगळे प्रयोग केलेले असू शकतात. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक आमच्यापैकी बहुतेकांनी काढलेला होता. त्याखाली काही भरलेले मात्र दोघांनीच. तेही त्याच दिवशी बसून पूर्ण करून घेतले.

आता दुसऱ्या सत्राविषयी, जे मला या सेवेचे सर्वांत दुबळे सत्र वाटले. संशोधकाच्या विकासाचा ब्रिटनमध्ये वापरला जाणारा एक आराखडा आहे. व्हीटाय (Vitae) या संस्थेने केलेला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत चार मुख्य क्षेत्रे, बारा उपक्षेत्रे आणि ६३ घटक होते : विषयाचे ज्ञान आणि बौद्धिक क्षमता, व्यक्तिगत परिणामकारकता, संशोधनाचे नियमन आणि संघटन, आणि समाजाशी संवाद व प्रभाव. आराखडा चांगला आहे. मी नंतर तो मूळ रूपात वाचला. परंतु आम्हाला त्याचे जे मराठी पत्रक दिले गेले, ते कुणी तरी शब्दकोश मांडीवर घेऊन केलेले होते. सर्वांना कळणाऱ्या नेटवर्किंगचे ‘जाळेविणकाम’ झाले होते, आणि ‘स्व-प्रतिबिंबन’ या शब्दाला स्वतःला किती गुण द्यावेत हे बाराही जणांना समजले नाही. धुळ्याच्या एका भाऊंनी ‘जाळेविणकाम’पुढे पाचपैकी पाच गुण दिले आणि कारण लिहिले : ‘वडिलांचा तापीवर मासेमारीचा व्यवसाय.’ हसून झाल्यावरही प्रश्न उरतोच, की ६३ घटकांना एका रविवारी गुण देऊन कुणाच्या हाती काय लागते? ज्या मॅडमनी पंधरा ओळींत माझे काम मला दाखवले, त्यांच्याच सेवेत हे पत्रक का ठेवले आहे, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. पुढच्या तुकडीसाठी ते काढून टाकावे, असे मी लेखी कळवले आहे.

माहितीपत्रिकांबाबतही सावध राहावे लागते. सेवेने दिलेल्या फाइलीत विद्यापीठातील सहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची असल्याचे छापलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत तशी तरतूद होती हे खरे. तिची अंमलबजावणी आधी २०२१वरून २०२३पर्यंत पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३मध्ये नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक करण्यात आली. ज्याने पीएच.डी.च्या भरवशावर सेट लांबणीवर टाकली आहे, त्याच्यासाठी या दोन वाक्यांमधले अंतर दोन वर्षांचे असते. त्याच फाइलीत फक्त ‘केअर’ यादीतील, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांतच लिहा, असा सल्ला होता. ती यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. चुका दाखवल्यावर सरांनी त्याच आठवड्यात दुरुस्त पाने पाठवली, हे नोंदवायला हवे. पण फी घेऊन दिलेल्या कागदाला तारीख असावी, एवढी अपेक्षा चूक नाही. जिथे त्यांनी नीट काम केले होते, तिथे माहिती खरोखर हाताशी ठेवण्याजोगी होती. पोस्ट-डॉक्टरल, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या फेलोशिपसाठी राष्ट्रीय योजनेत ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि स्त्रियांना व आरक्षित प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते, हे मला तिथे कळले. तोपर्यंत मी स्वतःला त्या दारातून बाहेर काढलेले धरून चालले होते.

पैशाविषयीचे सत्र सरांनी मोकळेपणाने घेतले. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) दरमहा ३७,००० रुपये, एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलो) ४२,००० आणि रिसर्च असोसिएटला श्रेणीनुसार ५८,००० ते ६७,००० असे दर लागू केले आहेत. फळ्यावर हे आकडे लिहिल्यावर खोलीत थोडी शांतता पसरली, कारण आमच्यापैकी बहुतेकांचे मानधन ज्या मंजुरीपत्रातून येत होते, त्यात वेगळीच तरतूद होती. सरांनी मग एक उपयुक्त गोष्ट शिकवली : प्रस्ताव लिहिला जात असतानाच मनुष्यबळाच्या रकान्यात कोणते दर धरले आहेत, हे विचारायचे, कारण मंजुरीनंतर तो रकाना हलत नाही. प्रस्तावाचा मसुदा बहुतेक वेळा आम्हीच टाइप करतो. पण त्या रकान्याकडे बोट दाखवायचे धाडस आमच्यात नसते.

सेवेचा विज्ञानाकडे असलेला कल मात्र लपत नाही. बारापैकी तिघे कला शाखेचे होते. अमळनेर भागातील अहिराणी ओव्यांवर काम करणारी एक ताई, शहाद्याहून येणारा आणि पावरी बोलीचा अभ्यास करणारा एक दादा आणि इतिहासातला एक जण. अन्नप्रक्रिया उद्योगातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख बोलायला आले; ठिबक सिंचन आणि ऊतीसंवर्धित रोपे यांच्या धंद्यात संशोधकाला काय काम मिळते, हे झाले; अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अन्न विश्लेषक परीक्षा आणि पेटंट एजंटची परीक्षा यांची चांगली ओळख करून दिली गेली. पेटंट एजंटसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी पुरते आणि घरी बसून काम करता येते, हे भुसावळसारख्या गावातून ये-जा करणाऱ्या बाईला किती महत्त्वाचे आहे, ते सांगायला नको. पण हे तिघे अशा प्रत्येक सत्रात वहीत चित्रे काढत बसले होते. त्यांच्यासाठी अनुवाद, बोलीभाषांचे ध्वनिमुद्रण व जतन, संग्रहालये, अभिलेखागारे, पाठ्यपुस्तकांचे संपादन यांविषयी एक तरी सत्र हवे होते.

खान्देशात तर यासाठी उदाहरणे बाहेरून आणावी लागली नसती. धुळ्याला १९२७पासून इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे, जिथे कागद वाचणाऱ्या आणि जपणाऱ्या माणसाच्या कौशल्याला आजही काम आहे. अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तिथे संशोधकांना राहून अभ्यास करता यावा अशी सोय होती, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिथे काम करून गेले. म्हणजे ज्याला आज आपण फेलोशिप म्हणतो, ती या जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती. साने गुरुजीही अमळनेरला आले ते आधी या मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी, आणि १९२४ साली ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. संशोधन सोडून शाळेत जाणाऱ्याला आपल्याकडे ‘शेवटी शाळेत लागला’ असे म्हणतात. हे बोलणाऱ्यांनी अमळनेरला एक फेरी मारून यावे. ही गोष्ट चहाच्या वेळी ओव्यांवाल्या ताईंनी सांगितली, सत्रात नव्हे.

मुलाखतीच्या सरावाला मात्र मी पैकीच्या पैकी गुण देईन. पद्धत अशी की पहिली फेरी मराठीत, दुसरी इंग्रजीत आणि दोन्हींचे चित्रीकरण. शहाद्याच्या दादांना आधीच्या एका मुलाखतीत इंग्रजीतला पहिलाच प्रश्न कळला नव्हता, आणि त्यानंतरची सगळी मुलाखत त्यांनी मान खाली घालून दिली होती. इथे मराठी फेरीत त्यांना विचारले, की पावरीत क्रियापद बदलते तेव्हा नेमके काय बदलते. त्यावर त्यांनी खुर्चीतून उठून फळ्यावर सात मिनिटे जे समजावले, ते आम्हा रसायनवाल्यांनाही समजले. मग सरांनी तेच चित्रीकरण त्यांना दाखवले आणि फक्त एवढे म्हटले, ‘आता हेच, याच क्रमाने, इंग्रजीत.’ इंग्रजी अडखळतच आली, पण क्रम सुटला नाही आणि मान वर राहिली. आधी विचार आपल्या भाषेत बांधून घ्यायचा आणि मग तो दुसरीकडे न्यायचा, ही रीत इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. पदभरतीच्या मुलाखतीत गुणवत्तेपलीकडचे जे प्रश्न येतात, त्यांची तयारी कुणीच करून देऊ शकत नाही, आणि सरांनी तसा आवही आणला नाही.

या सेवेत मला खटकलेली मूळ गोष्ट पाचव्या महिन्यात स्पष्ट झाली. त्या दिवशी सरांनी ब्रिटनमधील एका कराराची माहिती दिली. तिथे कंत्राटी संशोधकांच्या कारकिर्दीविषयी पहिला करार १९९६ साली झाला, २००८ साली त्याची नवी आवृत्ती आली आणि २०१९ साली ती सुधारली गेली. संशोधकाला वर्षाकाठी किमान १० दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, असे त्यात म्हटले आहे. सरांनी हे मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, कामाचे दहा दिवस की रविवार?’ कामाचे, असे उत्तर मिळाल्यावर खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला असावा, कारण आम्ही सगळे त्या रविवारी तिथे बसलो होतो. माझ्या नेमणूकपत्रात रजेचा रकाना कोरा आहे. विचारले तर ‘मुख्य संशोधकांच्या संमतीने’ असे तोंडी उत्तर मिळते.

तो करार मी नंतर वाचला, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आम्हाला सांगितला गेला नव्हता असे माझे मत झाले. त्यात जबाबदाऱ्या चौघांवर टाकल्या आहेत : संस्था, निधी देणारे, संशोधकांचे वरिष्ठ आणि स्वतः संशोधक. आमची सेवा यांपैकी चौथ्यालाच बोलावते, त्याच्याकडूनच फी घेते, त्यालाच गृहपाठ देते आणि कारकीर्द अडली तर कमी पडलेले कौशल्यही त्याचेच शोधते. सहभागासाठी गाईडच्या (मार्गदर्शक प्राध्यापकांच्या) सहीचे एक पत्र लागते, तेवढाच काय तो त्यांचा संबंध. मी ते पत्र घेऊन गेले, तेव्हा माझ्या गाईड सरांनी सही लगेच केली, पण पेन खाली ठेवताना विचारले, ‘आणि इथले काम?’ मी त्यांना दोष देत नाही. त्यांना अनुदानाचा दुसरा हप्ता सात महिने उशिरा मिळाला होता, त्या काळात माझे मानधन थांबले होते, आणि त्यांनी एकदा स्वतःच्या खिशातून मला उसने दिले होते. अशा माणसाला ‘माझ्या विकासासाठी मला दहा दिवस हवेत’ असे कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ना ६३ घटकांत आहे ना मुलाखतीच्या सरावात.

सेवेने गाईड लोकांसाठी एक सत्र ठेवले होते, हे खरे. बारा जणांच्या गाईडना निमंत्रणे गेली, तिघे आले. माझे गाईड सर त्या दिवशी एका मूल्यांकन समितीसोबत होते. आलेल्या तिघांपैकी एका मॅडमनी तिथेच सांगितले, की आपल्या प्रोजेक्ट फेलोला पुढे काय करायचे आहे, हे आपण चार वर्षांत कधी विचारलेच नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला विचारले. त्याचे उत्तर ‘मला शिकवायचे आहे’ असे होते. त्यांनी त्याला विभागातल्या आठवड्याच्या दोन प्रात्यक्षिकांची जबाबदारी दिली. २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-सहाय्याचे काम देता येईल असे म्हटलेलेच आहे. त्यासाठी वेगळी परवानगी शोधावी लागली नाही. बारा सत्रांत जे झाले नाही, ते त्या एका प्रश्नाने झाले. म्हणून माझी सूचना अशी आहे, की पुढच्या तुकडीत चारपैकी किमान एक स्वतंत्र भेट संशोधक आणि गाईड यांची एकत्र, आणि गाईडच्या केबिनमध्ये व्हावी. सेवेच्या मॅडमनी तिथे जावे. गाईड रविवारी महाबळला येणार नाहीत. यामुळे फी हजार रुपयांनी वाढली तरी चालेल, आणि ती संस्थेने भरली तर अधिक बरे.

ही सेवा कुणी घ्यावी? ज्यांची पीएच.डी. नुकतीच झाली आहे किंवा प्रबंध सादर करून जे वाट पाहत आहेत, विशेषतः विज्ञान शाखेत, त्यांनी जरूर घ्यावी. केवळ पहिली भेट आणि मुलाखतीचा सराव यांतच फी वसूल होते. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांनी आधी चौकशी करून, आपल्या विषयाचे किमान एक सत्र वेळापत्रकात आहे हे पाहून मगच पैसे भरावेत. ज्यांना फक्त सेटची तयारी हवी आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही. धुळे-नंदुरबारकडून येणाऱ्यांनी प्रवासाचा विचार करावा. शहाद्याच्या दादांचा फीपेक्षा जास्त खर्च एस.टी.वर झाला, आणि दूरदृश्य पद्धतीने बसण्याची सोय मागूनही मिळाली नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपचा प्रस्ताव मी लिहून पूर्ण केला आहे, आणि त्यातल्या शेतकऱ्यांच्या सहभागाच्या परिच्छेदाची पहिली ओळ त्या लाल पेनातून आली आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेचे पुस्तकही आणले आहे. ते डब्याच्या पिशवीत असते आणि भुसावळ गाडीत जागा मिळाली तर उघडते. मुदतवाढीचे पत्र अजून आलेले नाही. तुकडी संपल्यावर आमच्यातल्या सात जणांनी बुधवारी संध्याकाळी तासभर एकत्र बसून लिहायचे ठरवले आहे. हॉल सरांनी फुकट दिला आहे, आणि कूलरचे तोंड आता आमच्या बाजूला असते.